एका वाक्याचा खलनायक

किसनभाऊनं मला आयुष्यात दोनदा मारलं. एकदा चुकून, एकदा ठरवून. दोन्ही वेळा माझ्या हातात कॅमेरा होता आणि दोन्ही वेळा त्याचा पहिला प्रश्न एकच, "फुटला तं नाही ना बे?" हे कॅमेऱ्याबद्दल. माझ्या खांद्याबद्दल किंवा गालाबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही. माफी मागणं तर सोडूनच द्या. ते त्याच्या तोंडात बसतच नव्हतं, आणि त्याची सगळी गोष्ट तेवढ्याचीच आहे.

आमच्या भंडाऱ्याकडं धान घरात आलं की गावोगावी मांडव पडतात. बैलांच्या शर्यतींचा पट भरतो, पाहुणे येतात आणि त्या गर्दीसाठी नाटक लागतं. झाडीपट्टीचं नाटक ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. गावच्या गाव तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, दाटीनं बसतं, आणि पार शेवटी बसलेल्या म्हाताऱ्यालाही सगळं दिसलं, ऐकू आलं पाहिजे. त्या मांडवांत किसनभाऊ तीस-पस्तीस वर्षं खलनायक होता. किती सुना छळल्या, किती जमिनी हडपल्या, किती भावांना विष घातलं याची त्यालाच गिनती नव्हती. गाव आंधळगाव. उंची बेताचीच, पण मान बैलासारखी, आणि उजव्या हाताचा पंजा एवढा की जेवायचं ताट झाकलं जाईल. मिशी खरी. "नकली मिशी लावते तो नकली मारते," असं म्हणायचा.

नकली मारण्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. बाकीचे नट थापड मारताना हात नुसता फिरवतात आणि विंगेतला कोणी टाळी वाजवतो. किसनभाऊ म्हणायचा, "ते मारनं नाही, माशी हाकलनं झालं. थापड आशी पडली पायजे का मांगच्या बुढ्याच्या हातची बिडी खाली पडन." त्यामुळं नवे हिरो त्याच्यासोबत काम म्हटलं की आधी आईला फोन करायचे. एकाचा दात हलला. दुसऱ्या दिवशी तो पोरगा गाल धरून तक्रार घेऊन आला. किसनभाऊनं त्याला उजेडात उभं केलं, तोंड उघडायला लावलं, नीट पाहिलं आणि दोन बोटांनी दात उपटून त्याच्या हातावर ठेवला. "हालूनच राहिला होता," म्हणाला. तो हिरो पुढं भंडाऱ्यात मोबाइलचं दुकान टाकून बसला. मी त्याच्याकडूनच रिचार्ज करतो.

नाटक संपलं की बाकीचे नट पैशांचं, जेवणाचं विचारायचे. हा बाबा विचारायचा, "बायाइनं बोटं मोडले का?" पुढच्या ओळीतल्या बायांनी त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडली, एखाद्या म्हातारीनं "तुह्या मढ्यावर माती" म्हटलं, की त्याचं पोट भरायचं. एका गावात कोणीतरी चप्पल फेकून मारली. त्यानं ती झेलली, दुसरी मागितली, आणि दोन्ही घालून पुढचा प्रवेश केला. फेकणारा अनवाणी घरी गेला.

मला पहिल्यांदा लागलं ते सानगडीला. मी भंडाऱ्यात लग्नाच्या शूटिंगचं दुकान नुकतंच टाकलं होतं. त्याच्या नाटक कंपनीनं प्रयोगाचा व्हिडिओ काढायला बोलावलं आणि मी, माझं डोकं, जवळून चेहरा घ्यायला म्हणून सरळ रंगमंचावर चढलो. किसनभाऊ सासऱ्याच्या भूमिकेत काठी घेऊन सुनेवर धावून जात होता. मधात मी. काठी खांद्यावर अशी बसली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसरा कोणी असता तर थांबला असता. यानं मला कॉलरला धरून लोकांसमोर उभं केलं आणि गरजला, "सूनबाई, हाच का तो? माह्या घरात घुसन्याची याची हिंमत झाली?" आणि दिलं ढकलून खाली, मांडवात. काय टाळ्या पडल्या! लोकांना वाटलं, नाटकातच आहे. नाटक संपल्यावर मोहाचं तेल घेऊन तो स्वतः आला आणि मी बोंबलेपर्यंत त्यानं माझा खांदा चोळून दिला. "फुटला तं नाही ना बे?" म्हणत कॅमेरा तीनदा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाला, "तू मधात काहून आला?" संपलं. त्या दिवसापासून माझं नाव 'शूटिंग' पडलं.

तर माफीचं सांगत होतो. एका लेखकानं नाटकाचा शेवट असा लिहिला की खलनायक सुनेच्या पायावर पडून म्हणतो, पोरी, मला क्षमा कर. तालमीत किसनभाऊ ते वाक्य दर वेळी गिळायचा. लेखक म्हणाला, प्रयोगात म्हणतील. प्रयोगात ते पान आलं. पडद्याआडून प्रॉम्प्टर "पोरी, मला... पोरी, मला..." करत घसा फोडतोय. किसनभाऊ दोन पावलं सुनेकडं गेला, थांबला, वळला, हिरोच्या कमरेचा सुरा उपसला आणि स्वतःच्या पोटात घातला. तीन गिरक्या घेतल्या, लाल रंगाची सगळी पिशवी अंगावर फोडली, आणि मेला. नाटक अजून वीस मिनिटं बाकी होतं. हिरो आणि हिरोइन त्या मढ्यापाशी उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं काहीबाही बोलत राहिले. पडदा पडल्यावर लेखक रडकुंडीला आला. किसनभाऊ लाल पोटावर तांब्या ओतत म्हणाला, "मी मरन. पन हात नाही जोडनार. जमत नसन तं दुसरा पाहा." जमवलं त्यांनी. त्यानंतर त्याच्यासाठी लिहिलेल्या प्रत्येक नाटकात खलनायक मरायचा तरी किंवा पळून जायचा.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. इथून पुढं नाही.

साकोलीकडच्या एका गावात भरदुपारी, मांडवामागं तालीम चालली होती. सिंधूबाई, त्याची बायको, डबा घेऊन आली होती. शांत बाई. आंधळगावला अंगणवाडीत मदतनीस होती, नाटकाबिटकाशी तिचा संबंध नाही. त्या दिवशी किसनभाऊचा आवाज बसला होता आणि तालीम काही रंगत नव्हती. डबा सोडता सोडता ती सहज म्हणाली, "आज आवाज नाही लागून राहिला तुमचा. घोटभर गरम पानी घ्या." एवढंच. त्यानं तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि पिळला. कडक् असा आवाज झाला. तो आवाज मी आजही विसरलो नाही.

आम्ही चौघं होतो तिथं. हार्मोनियमवाला, प्रॉम्प्टर, मेकअपवाला आणि मी. एकजणही हलला नाही. माझ्या हातात चार्जरची वायर होती, ती धरून मी तसाच उभा राहिलो. आता मोठ्या गोष्टी सांगतो, पण त्या दिवशी मी शेपूट घातलं होतं आणि त्याची मला लाज वाटते.

सिंधूबाई ओरडली नाही. डाव्या हातानं डबा उचलला, चालत फाट्यावर गेली, आणि बस धरून कारध्याला भावाकडं गेली. परत आंधळगावला पाय ठेवला नाही. महिन्याभरानं भावाच्या हाती तिचा निरोप आला, "चार लोकाइसमोर हात मोडला. चार लोकाइसमोर म्हनावं, माझं चुकलं. त्या दिवशी मी येतो." निरोप घेऊन आलेल्या भावाला किसनभाऊनं दोन लगावल्या आणि मग पोटभर जेवू घालून पाठवलं.

नंतर त्यानं काय काय केलं नाही! नव्या धानाचं पोतं पाठवलं. शिलाई मशीन पाठवलं. बाईच्या हाताला जोर नाही म्हणून पाणी भरायला मोटर बसवून दिली. मनगट वाकडं सांधलं म्हणून ज्या वैद्यानं हाड बसवलं त्याला घरातून ओढून रस्त्यावर तुडवला. मी विचारलं, "अहो, हात कोणी मोडला आणि मार कोण खातोय?" तर म्हणाला, "बसवता येत नव्हतं तं हात काहून लावला त्यानं?" दर रविवारी भंडाऱ्याहून नदीवरचा पूल ओलांडून तो कारध्याला जायचा, मेव्हण्याच्या दारावर मुठी आपटायचा, "चाल, घरी चाल," म्हणून ओरडायचा, आणि दार उघडलं नाही की परत यायचा. अकरा वर्षं. दार एकदा बदलावंच लागलं. नवीन दाराचे पैसेही त्यानंच दिले. सगळं दिलं, ते दोन शब्द सोडून.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, दोन शब्द तर आहेत." तर माझ्याकडं असं पाहिलं की मी विषय बदलला.

मग एक स्पर्धा आली. रश्मी कारध्याचीच पोरगी, पोस्टात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी सिनेमे बनवते. नागपुरात अठ्ठेचाळीस तासांत लघुपट बनवायची स्पर्धा होती. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक चमूला फोनवर चिठ्ठी येणार. चिठ्ठीत एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य. तिन्ही सिनेमात असलंच पाहिजे. वाक्य जसंच्या तसं, स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. रविवारी संध्याकाळपर्यंत पेन ड्राइव्ह नागपुरात नेऊन द्यायचा. उशीर झाला, बाद. वाक्य नसलं, बाद. कॅमेरा माझा होता, आणि रश्मीला चेहरा हवा होता किसनभाऊचाच. तो तेव्हा घरी बसून होता. कंपन्यांनी बोलावणं बंद केलं होतं, आता प्रत्येक हिरोच्या मागं पोलीस तक्रार करणारा बाप असतो म्हणून. सिनेमा म्हटल्यावर तो खूश झाला. "मारधाड हाय ना?" एवढंच त्यानं विचारलं.

शुक्रवारी आम्ही तिघं माझ्या दुकानात बसलो होतो. रश्मीच्या फोनवर चिठ्ठी आली. तिनं मोठ्यानं वाचली. "पात्र : मधुकर, ट्रकचालक. वस्तू : कुलूप. वाक्य : माझं चुकलं."

मी किसनभाऊकडं पाहिलंच नाही. तो म्हणाला, "ट्रक येते मले चालवता."

"बरं," रश्मी म्हणाली.

"कुलूपबी जमते."

"आणि वाक्य, काका?"

"ते बायकोच्या तोंडी देऊन टाक. बायाइले शोभते."

रश्मी कारध्यात लहानाची मोठी झालेली, त्याच्या रविवारच्या मुठी ऐकत. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "नाही. चुकला मधुकर. मधुकरच बोलणार." गोष्ट तिनं सकाळपर्यंत लिहून काढली. मधुकर बरीच वर्षं घर सोडून राहिलेला. परत येतो तेव्हा बायको दाराला कुलूप घालून कायमची निघाली आहे. तो वाक्य बोलतो, आणि ती कुलूप घालायची थांबते. बस.

शनिवारी दुपारी कारध्याला, रश्मीच्या घरी, बायकोचं काम करणारी पोरगी आली. किसनभाऊ मिशीला तेल लावत बसला होता. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तेच ना, दात काढणारे?" आणि त्याच ऑटोनं परत गेली. घड्याळ चालू. आता बाई कुठून आणायची? रश्मी काही न बोलता दोन गल्ल्या सोडून गेली आणि सिंधूबाईला घेऊन आली.

मी तिला आडवा झालो. "रश्मी, हे बरं नाही."

"दादा, मी सिनेमा करायला आली. समाजसेवा करायला नाही."

सिंधूबाईनं मला ओळखलं. त्या चौघांतला एक म्हणून ओळखलं असणार. तिनं माझ्याकडं पाठ केली. रश्मीला तिनं एकच विचारलं, "त्याइच्या तोंडानं बोलतीन? चार लोकाइत?" रश्मी हो म्हणाली. "मंग करतो मी," ती म्हणाली, "कुठी उभं राहू ते सांग." आणि दार तिनं स्वतःच सुचवलं. भावाचंच. भाऊ लग्नाला गेला होता, घर मोकळं होतं.

किसनभाऊ तिला समोर पाहून चमकला नाही. फक्त तिच्या उजव्या मनगटाकडं पाहिलं. ते बाहेरच्या बाजूला वाकलेलं होतं, त्यामुळं कुलूप ती डाव्या हातात धरून उभी होती. जाड लोखंडी कुलूप, गोदामाला लावतात तसलं.

मग सुरू झाला तमाशा. रश्मी म्हणायची, चला. किसनभाऊ झकास चालत यायचा, खांद्यावरची पिशवी टाकायचा, बायकोपुढं थांबायचा. काय डोळे होते त्या माणसाचे! कॅमेऱ्यातून मला भीती वाटायची. आणि मग तोंड उघडायचा. "झालं ते झालं." कट. "आता तू म्हनते तं तसं." कट. "चुका कोनाच्या होत नाही?" कट. "माझं..." एवढं म्हणून एकदा तो थांबला, आम्ही सगळे श्वास धरून, आणि म्हणाला, "माझं जेवन झालं नाही सकाळपासून." शेजारपाजारचे लोक कुंपणाला येऊन उभे होते, ते हसले. त्यानं वळून दारावर असा गुद्दा मारला की फळी फुटली. बोटांची सालं निघाली. सिंधूबाई फुटलेल्या फळीला टेकून तशीच उभी. उजेड जाईपर्यंत वीस-बावीस वेळा झालं. प्रत्येक वेळी ती त्याच्या तोंडाकडं पाहायची, आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर मला आशा दिसायची. खोटं नाही सांगत, मला त्या दिवशी किसनभाऊचा खून करावासा वाटला.

रविवारी सकाळी मी त्याला नदीच्या घाटावर घेऊन गेलो. बाकी सगळा सिनेमा जोडून तयार होता. फक्त ते एक दृश्य बाकी. दोनच्या आत निघालो नाही तर वाटेत ते जोडून, पेन ड्राइव्हवर घेऊन वेळेत नागपूर गाठणं शक्य नव्हतं. मी कॅमेरा गळ्यात घेऊन पायरीवर बसलो आणि त्याला समजावलं, "भाऊ, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? तुम्ही थोडी बोलता? मधुकर बोलतो. सिनेमातच तर आहे."

सण्णदिशी थापड बसली. कान सुन्न झाला, पायरीवरून मी खाली घसरलो. "फुटला तं नाही ना बे?" म्हणत त्यानं कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून घेतला, फुंकर मारून पुसला. आणि मग तो तसाच, कॅमेरा हातात घेऊन पाण्याकडं पाहत बसला.

"का म्हटला तू?"

"काही नाही."

"नाही नाही, बोल पुन्हा. कोन बोलते?"

"मधुकर," मी गाल चोळत म्हटलं.

"मधुकर," तो म्हणाला. आणि मिशीतल्या मिशीत हसला. "चाल. लाव तुहा कॅमेरा."

मला वाटलं, जिंकलो. गाल सुजला तरी चालेल, बुवा, काम झालं. अक्कल गहाण ठेवली होती मी.

बारा वाजले असतील. कुंपणाबाहेर कालच्यापेक्षा जास्त गर्दी. रश्मी म्हणाली, चला. किसनभाऊ आला. पिशवी टाकली. सिंधूबाईपुढं उभा राहिला, छाती भरून घेतली, आणि बोलला.

"माझं चुकलं!"

अरे बाप्पा! काय आवाज. पुलापलीकडं गेला असेल. गळा भरून आलेला, ओठ थरथरतायत, डोळ्यांत टचकन पाणी. कुंपणापलीकडच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. रश्मी रडत होती. सिंधूबाईच्या हातातलं कुलूप खाली आलं, तिचा चेहरा सैल पडला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ती बाई हसेल असं वाटलं. रश्मी ओरडली, "ओके!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा बंद केला नाही. लग्नाच्या शूटिंगची खोड, मंगलाष्टकं संपली तरी आम्ही बटण लगेच दाबत नाही.

किसनभाऊनं बाहीनं डोळे पुसले. लगेच कोरडे झाले. लोकांकडं वळून म्हणाला, "आयकलं ना सगळ्याइनं?" लोक हो म्हणाले. मग बायकोकडं वळला. "घे. बोललो. चार काय, चाळीस लोकाइत बोललो. चाल, सामान काढ."

सिंधूबाई म्हणाली, "कोन बोललं?"

"मीच नाही का बोललो?"

"तुमी, का मधुकर?"

तो हसला. आमच्या मांडवांत ज्या हसण्यावर बाया बोटं मोडायच्या, तेच हसणं. "आता तुले काय कोर्टात लिहून देऊ का? बोललो म्हंजे बोललो. जा, पिशवी भर."

तिनं कुलूप फिरवलं. डाव्या हातानं, सगळ्या अंगाचा जोर लावून. भुवईवर बसलं. हाडाचा आवाज आला. किसनभाऊ एक पाऊल मागं गेला, भुवई फुटून रक्ताची धार डोळ्यात, मिशीत, सदऱ्यावर. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. कोणीतरी पोर रडायला लागलं.

आणि त्याचा हात वर गेला. तो पंजा. पूर्ण वर, खांद्यामागं. डोळ्यात रक्त असल्यामुळं त्याला एका डोळ्यानंच दिसत असणार, पण त्यानं नेम धरला होता, मी शपथेवर सांगतो. रश्मी किंचाळली. मी कॅमेऱ्यामागं होतो आणि तिथंच राहिलो. दुसऱ्यांदा.

सिंधूबाई मागं सरकली नाही. कुलूप धरलेला डावा हात तिनं सरळ त्याच्यापुढं केला. म्हणाली, "हा बाकी हाय. घ्या."

तो हात किती वेळ वर राहिला ते मला सांगता येणार नाही. कॅमेऱ्यात ते पाहता येईल, पण मी ते पुन्हा लावलं नाही. मग तो हळूहळू खाली आला. किसनभाऊची मान खाली गेली. तोंडात रक्त गेलं होतं, ते त्यानं थुंकलं. आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं त्याला आवाज म्हणता येणार नाही. माइकनं पकडलं नाही. मी ते ओठांवरून वाचलं.

"माझं चुकलं, सिंधू."

बायकोचं नाव घेताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं ती पद्धत नाही, आणि त्याच्यात तर नाहीच. आता तो नट नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते माझ्या गालावर त्याच्याच बोटांचे वळ असताना आलं.

सिंधूबाईनं पदर सोडून त्याच्या भुवईवर दाबून धरला. त्याचाच हात घेऊन त्या पदरावर ठेवला, मग पदर काढून घेतला आणि रश्मीच्या गळ्यातली ओढणी ओढून त्याच्या हाताखाली दिली. "खरं बोलले," ती म्हणाली, "मले आयकू आलं."

"मंग घरी चालतं का?" त्यानं विचारलं. हे इतकं हळू विचारलं की किसनभाऊ असं विचारू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

"मी आले असते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता आले असते. पन बोलाच्या आंधी तुमचा हात वर गेला. अकरा वर्सांनंबी पयले हातच वर गेला."

ती आत गेली. फुटक्या फळीचं दार लोटलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

सिनेमाचं काय झालं ते सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच. गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन रश्मीनं पहिलं वाक्य जोडलं, ते मोठ्या आवाजातलं. आम्ही वेळेत पोचलो. चिठ्ठीतलं वाक्य सर्वांत चांगलं वापरल्याबद्दल आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. परीक्षक म्हणाले, या नटाच्या आवाजात सच्चेपणा आहे. रश्मीनं ते प्रमाणपत्र घरी लावलं नाही. माझ्या दुकानात कुठंतरी पडलं आहे. सिंधूबाई शेवटपर्यंत आंधळगावला गेली नाही. किसनभाऊ त्यानंतर कारध्याला जायचा, पण दारावर मूठ आपटायचा नाही असं लोक सांगतात. समोरच्या ओट्यावर तासभर बसायचा आणि यायचा. यंदा धान कापणीच्या सुमारास तो गेला. मी तेव्हा लग्नाच्या कामाला बाहेर होतो, मातीला जाता आलं नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच. पावणेदोन वाजले होते, रश्मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मी म्हटलं, "भाऊ, चला, दवाखान्यात सोडतो, टाके पडतील." त्यानं मान हलवली. गर्दी केव्हाच पांगली होती. तो बंद दाराच्या पायरीवर बसला होता, डाव्या हातानं ओढणी भुवईला धरून. उजवा हात त्यानं मांडीखाली घातला होता आणि त्यावर सगळं अंग टाकून बसला होता. गाडी वळेपर्यंत मी पाहत होतो. त्यानं तो काढला नाही.